थोडंच हसा

"तू सांगशील तसं हसते," ताई म्हणाली, आणि त्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर तसंच राहिलं.

बोलण्यात तसं काहीच नव्हतं. ह्या स्टुलावर बसणारी दहातली नऊ माणसं असलंच काहीतरी बोलतात. कसं हसू, दात दाखवू का, किती हसू. गेली अकरा वर्षं तो ह्या खोलीत लोकांना हसवत आला होता. कान-नाक-घसा विभागाच्या टोकाची ही खोली, एकाच खिडकीची. मागे निळा पडदा, जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली, फुलीवर स्टूल, स्टुलापासून सहा पावलांवर तिपाईवर कॅमेरा. भिंतीवर त्याने स्वतः टाईप करून प्लॅस्टिकमध्ये बसवलेला कागद: पाच फोटोंचा क्रम. चेहरा नुसता. कपाळाला आठ्या. डोळे मिटून. पूर्ण जोर लावून हसताना. शिट्टी वाजवल्यासारखे ओठ. चेहऱ्याची नस एका बाजूने गेलेली माणसं इथे यायची आणि ह्या पाच फोटोंवरून ती किती गेली, किती परतली, हे ठरायचं. हॉस्पिटलात त्याला सगळे फोटोवाले म्हणायचे. नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. आज तीन फोटो झाले होते. चौथा हसण्याचा. आणि ताई हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या वर्गफोटोला बसावं तशी ताठ बसून, त्याच्याकडे बघत होती. तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जास्त उघडा होता आणि त्यातून पाणी येत होतं. ते रडू नव्हतं. पापणी मिटत नाही म्हणून डोळा आपला गळतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी दर वेळी त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे जायचाच.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाचवीत होता, आणि तिथून पुढे त्याची वेणीफणी सोडून आईचं सगळं ताईने केलं, असं ती स्वतःच गमतीने सांगायची. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि ती त्याच्याच घरी राहिली. मूकबधिर मुलांच्या शाळेत ती शिकवायला लागली त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. तिथे शिकवायचं म्हणजे फळ्यावर लिहायचं कमी आणि तोंडाने करून दाखवायचं जास्त. मुलं तिच्या ओठांकडे बघणार, तिच्या गालाला हात लावणार, तिच्या गळ्यावर बोटं ठेवून थरथर ओळखणार आणि मग आपल्या तोंडात तसंच काहीतरी जुळवून आणणार. 'प' शिकवायची तिची पद्धत होती. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायची, ओठ घट्ट मिटायचे आणि 'प' म्हणायचं. पट्टी फडफडली की मुलं हसायची. मग प्रत्येकाच्या हातात एकेक पट्टी. लहानपणी घरात अशा पट्ट्या जिथे-तिथे सापडायच्या, दुधाच्या कपाटावर, तिच्या पर्समध्ये, त्याच्या कंपासपेटीतसुद्धा. तीन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी तिने पट्टी धरली, 'प' म्हटलं, आणि पट्टी हललीच नाही. तिला वाटलं, पंखा बंद आहे म्हणून असेल. मग तिचंच तिला हसू आलं, आणि ते हसू एकाच गालावर आलं. हे तिला कळलं ते समोरच्या मुलांमुळे. पहिल्या बाकावरच्या मुलीने मन लावून तोंड डावीकडे वाकडं केलं होतं आणि त्या वाकड्या तोंडाने ती 'प' काढायची खटपट करत होती. बाई करतात ते बरोबरच, एवढं तिला माहीत होतं.

हॉस्पिटलात येण्याआधी तो फोटो स्टुडिओत होता. चौदा वर्षं. स्टुडिओचा मालक म्हणजे एक नमुना होता. दिवसभर पान चघळल्यासारखं तोंड हलवायचा, तोंडात पान नसतानाही. पण कामाचा पक्का. त्याने शिकवलं होतं की गिऱ्हाईक आपलं तोंड घेऊन येतं आणि आपलं तोंड घेऊन जातं, मधल्या पाच मिनिटांत त्याला वाटलं पाहिजे की आपण बरे दिसतो. ज्याचं नाक मोठं त्याला जरा मान वळवायला सांगायची. ज्याचा एक डोळा बारीक त्याला उजेडाकडे बसवायचं. सहा काढायचे आणि त्यातला चांगला एक द्यायचा. उरलेले पाच कुणाला दाखवायचे नाहीत. हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. हाताला आणि डोळ्याला पडलेलं ते वळण होतं, डोक्याला विचारून होणारं काम नव्हे. पुढे मोबाईल आले, स्टुडिओचं दुकान मोडलं, आणि विभागप्रमुख असलेल्या सरांनी, ज्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्याने काढले होते, त्याला इथे आणलं. आधी रोजंदारीवर, मग वर्षावर्षाच्या कागदावर. सर वाईट असते तर बरं झालं असतं. पण सर भले होते, हीच तर पंचाईत. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे, दुपारी स्वतःचा डबा सिस्टरांना वाटून टाकायचे, आणि गुणगुणत चालायचे, एकच ओळ, वर्षानुवर्षं तीच.

सरांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यालाही केवढं अप्रूप वाटलं होतं. ही नस अशी अचानक गेली तर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, ही जुनी, खात्रीची रीत. पण शुगर असलेल्यांना त्या गोळ्या द्यायच्या म्हणजे शुगर भडकणार, माणसाला दाखल करून घ्या, दिवसातून चारदा रक्त तपासा, सगळा खटाटोप. सरांचं म्हणणं होतं की कानामागे एक वेगळं इंजेक्शन दिलं तर तेवढाच गुण येतो आणि शुगरला धक्का लागत नाही. सोपी गोष्ट, सिद्ध करायची फक्त. चौऱ्याऐंशी पेशंट. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना इंजेक्शन. पहिल्या दिवशी फोटो, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. त्या फोटोंना गुण देणारे दोन डॉक्टर दुसऱ्या गावचे. कुणाला काय दिलंय हे त्यांना कळू नये म्हणून फोटोवर नुसते नंबर. कुणाला काय दिलंय हे त्यालाही माहीत नव्हतं. सरांनी सगळीकडून बांध घातला होता, डोळ्यांत तेल घालून. फक्त कॅमेऱ्यामागे एक माणूस उभा आहे आणि तो चौदा वर्षं स्टुडिओत होता, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

पहिल्या दिवशी पेशंट घाबरलेले असायचे आणि तो त्यांना ओळखतही नसायचा. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे तो सांगायचा, जोर लावून हसा, सगळे दात दिसू देत. एक बाजू वर जायची, दुसरी मेणासारखी जागच्या जागी, तोंड तिरकं ओढलं जायचं. खटाखट सहा फोटो, त्यातला एक नंबर घालून फाईलीत. तीन महिन्यांनी मात्र तीच माणसं ओळखीची होऊन यायची. मधल्या फेऱ्यांमध्ये ती त्याच्या खोलीत डोकावून गेलेली असायची, घरचं सांगून गेलेली असायची. जे बरे झाले होते त्यांचं काही नाही. ते कसेही हसले तरी चांगलेच दिसत. प्रश्न उरलेल्यांचा. बस डेपोत माईकवरून गाड्या पुकारणाऱ्या एक बाई होत्या. जोर लावून हसा म्हटल्यावर त्या हसल्या, त्याने कॅमेरा वळवून दाखवल्यावर पडद्यावर स्वतःला बघितलं आणि ओढणीने तोंड झाकून बसून राहिल्या. त्याच्याच्याने बघवेना. तो जवळ गेला, म्हणाला, बाई, एवढा जोर नका लावू. थोडंच हसा. ओठ मिटूनच, नुसतं गालातल्या गालात. त्या तशा हसल्या. आणि कमाल अशी की थोडंच हसलं की दोन्ही बाजूंतला फरक जवळजवळ दिसत नाही. चांगली बाजू ओढतच नाही, तर वाईट बाजू मागे पडणार कुणाच्या? त्याने तो फोटो काढला, पडद्यावर दाखवला, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला वाटलं, चला, आजचा दिवस सार्थकी लागला. सहांतला तोच चांगला फोटो होता. तोच त्याने नंबर घालून पाठवला. नंतर एक दूध डेअरीवाला आला, मग एक निवृत्त हेडक्लार्क, मग एक नवी नवरी. थोडंच हसा. अशी तेरा माणसं झाली. त्याने मोजली नव्हती; मोजायची वेळ पुढे आली.

दोन वर्षांनी निकाल लागला. दोन्ही इलाजांना सारखाच गुण. सरांचा लेख परदेशी मासिकात छापून आला, आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत त्याचेही आभार होते, छायाचित्रांबद्दल. त्या ओळीचं ताईला कोण कौतुक! तिने ते पान मोठं करून आणलं, त्याला चौकट करवली आणि त्याच्या बायकोला न विचारता दिवाणखान्यात टांगलं, त्यावरून घरात चार दिवस अबोला होता. घरी येईल त्याला ताई त्या पानापाशी उभं करायची, बोटाने ती ओळ दाखवायची आणि तिचं इंग्रजी सावकाश, स्पष्ट, ओठ नीट हलवून वाचून दाखवायची, समोरचा बहिरा असल्यासारखं. त्याच महिन्यात सरांनी त्याला नोकरीत कायम केलं. आणि त्याच महिन्यात परिषदेत दाखवायला फोटो निवडताना सरांनी कोण कुठल्या गटातलं ती यादी त्याच्या हातात दिली, नंबरांप्रमाणे लावून ठेवायला. एका दुपारी तो यादी बघत बसला होता. बस डेपोतल्या बाई, इंजेक्शन. डेअरीवाला, इंजेक्शन. हेडक्लार्क, इंजेक्शन. नवरी, इंजेक्शन. त्याने एक कोरा कागद घेतला आणि आठवून आठवून नंबर मांडले. तेरांतले अकरा इंजेक्शनवाले होते. म्हणजे ज्यांना गोळ्या मिळाल्या ते बहुतेक बरे झाले होते आणि ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांच्यातले कितीतरी नव्हते, आणि मधली दरी त्याने भरून काढली होती. माणुसकीने. गालातल्या गालात हसवून. त्या लोकांचे जोर लावून हसलेले फोटोही होतेच. फोटो फेकून देणं त्याच्या जातीतच नव्हतं. ते सगळे एका डिस्कवर घालून त्याने टेबलाच्या खालच्या खणात ठेवले, वर जुन्या वायरी टाकल्या आणि चहा प्यायला गेला. उद्या सांगू, असं तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं. उद्या सर परिषदेला गेले. परवा आल्यावर ते इतके खुशीत होते की त्याच्या जिवावर आलं. आणि मग चार वर्षं तो मूग गिळून बसला. बसला म्हणजे तरी काय, रोज कामावर येत होता, फोटो काढत होता, लेकीची फी भरत होता. ह्यात वाईट असं कधी घडलं, तो दिवस दाखव म्हटलं तर दाखवता आलं नसतं. शुगरवाल्यांना आता सरसकट इंजेक्शनंच मिळायची. तीन महिन्यांनी त्यांचे फोटो काढताना तो त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचा.

त्या मंगळवारी शाळेतून ताई सरळ त्याच्यापाशी आली, एका हाताने गाल धरून, दाढ दुखत असावी तशी. बुधवारी सकाळी त्याने तिला रांगेशिवाय सरांच्या केबिनमध्ये नेलं. सरांनी तिचा चेहरा बघितला, कानात बघितलं, फाईल चाळली. शुगर किती वर्षं? बारा. मग काही चिंता नको, सर म्हणाले, तुमच्या भावानेच तर हे काम केलंय, आणि हसले. पुढे त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या, नेहमीप्रमाणे, प्रामाणिकपणे. गोळ्याही देता येतील, पाच-सहा दिवस दाखल व्हावं लागेल, शुगर सांभाळावी लागेल. इंजेक्शनने तेवढाच फायदा, त्रास कमी. निर्णय तुमचा. ताई सरांचं ऐकत होती आणि मग तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, धीर हवाय तिला. त्याने तोंड उघडलं. पण सर, गोळ्याच द्या, असं त्याला म्हणायचं होतं. एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. का, कशासाठी, कुणी विचारलंही नसतं कदाचित, भावाला काळजी वाटते म्हणून सरांनी गोळ्या लिहून दिल्या असत्या. हे त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे तो खालचा खण आला आणि सरांचा चेहरा आला आणि कायम झाल्याचा कागद आला. ओठ मिटले. त्याच वेळी सरांचा फोन वाजला, सर दोन शब्द बोलले, आणि फोन ठेवेपर्यंत तो क्षण गेला होता. ताई सरांना म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. बाहेर पॅसेजमध्ये सिस्टर तिच्या कानामागची जागा पुसत होती तेव्हा तो हिशेब करत होता की ह्या दुखण्यात काही केलं नाही तरी दहांतले सात आपोआप बरे होतात. सात! ताई त्या सातांत असणार. तिने कुणाचं वाईट केलं होतं? शुक्रवार उजाडला आणि तीन दिवस सरले.

ती सातांत नव्हती. महिना झाला, दोन झाले. रात्री झोपताना ती डोळ्यावर पट्टी लावायची, जेवताना उजव्या गालात अडकलेला घास बोटाने काढायची आणि तेव्हा पाठ करून बसायची. बायकोने तिच्यासाठी वेगळी खुर्ची लावली, भिंतीकडे तोंड असलेली. चांगल्या मनाने लावली, तरी त्याला तिची चीड आली. शाळेत तिने महिनाभर वर्ग घेतला. 'प' येत नव्हता, 'ब' येत नव्हता, 'म' अर्धाच यायचा. मग तिने युक्ती काढली. बोलताना उजव्या ओठाचा कोपरा बोटाने उचलून धरायचा. तेवढ्याने ओठ मिटतात आणि अक्षर फुटतं. पट्टी पुन्हा फडफडली, तिला हायसं वाटलं. आठवड्याभरात वर्गातली चौदाच्या चौदा मुलं बोलताना तोंडाच्या कोपऱ्याला बोट लावायला लागली. एकाच्या घरचे तक्रार घेऊन आले की मुलगा जेवण मागतानासुद्धा गाल उचलून धरतो. मुख्याध्यापिका ताईच्याच हाताखाली तयार झालेली. बिचारी स्वतः रडली, पण काय करणार, मुलांचं सगळं शिकणंच बघून करण्यातलं. ताईला त्यांनी ग्रंथालयात बसवलं. मूकबधिर शाळेचं ग्रंथालय, दोन कपाटं आणि एक टेबल. हे सगळं ताईने त्याला एका बैठकीत सांगितलं, मुलांच्या नकला करत, आणि सांगता सांगता तिला हसू आलं. समोरच्या आरशात त्याला ते हसू दिसलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "थोडंच हस ताई. थोडंच हसलं की कळत नाही." तिने हसणं थांबवलं. एवढं लागायला नको होतं तिला, असं त्याला वाटलं. पण त्या दिवसापासून ती तशीच हसू लागली, ओठ मिटून, गालातल्या गालात. पाहुणे म्हणू लागले, अरे वा, बराच फरक आहे की!

आणि आता ती निळ्या पडद्यापुढे बसली होती आणि म्हणत होती, तू सांगशील तसं. वाट बघून तिने आपणहून ते हसू चेहऱ्यावर आणलं, त्याने शिकवलेलं. फोटोला अगदी चांगलं. ह्या एका फोटोवर सर खूश झाले असते, म्हणाले असते, बघा, आली ना नस परत. त्याच्या तेरांच्या पुढे चौदावा आकडा पडला असता. त्याने बोट बटणावरून काढलं.

"तसं नको," तो म्हणाला. "जोर लावून हस. जेवढं येईल तेवढं."

ती हसली. डावा गाल वर चढला, डाव्या बाजूचे दात दाढेपर्यंत दिसले, नाक डावीकडे ओढलं गेलं, आणि उजवी बाजू तशीच लोंबत राहिली, एखाद्या परक्या बाईची असावी तशी. हा चेहरा त्याने अकरा वर्षांत शेकडो वेळा बघितला होता. ताईचा नव्हता बघितला. त्याने एक फोटो काढला, सहा नाही, आणि तिपाईला धरून उभा राहिला. मग बोलायला लागला. कुठून सुरू केलं ते त्याला कळलं नाही. स्टुडिओच्या मालकापासून की बस डेपोतल्या बाईंपासून. मधे मधे तो उगाच सांगत होता की दहांतले सात बरे होतात. तेरा म्हणाला, अकरा म्हणाला, यादीचं म्हणाला, बुधवारच्या केबिनचं म्हणाला, आणि मग बोलायचं संपलं. ताई ऐकत होती ती त्याच्या डोळ्यांकडे न बघता. एकतीस वर्षांची तिची सवय, ती समोरच्याच्या ओठांकडेच बघायची. त्याला वाटलं, आता ती रडेल, किंवा उठून जाईल, किंवा लहानपणी एकदाच मारली होती तशी थोबाडीत मारेल. कानफटात बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिने विचारलं, ते फोटो आहेत का अजून, जोर लावून हसलेले. त्याने मान हलवली. कुठे? त्याने खालच्या खणाकडे बघितलं. तेव्हा ती सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली, जे शब्द तिच्या तोंडातून निसटत होते ते टाळून, दुसरे शोधून. झालं ते झालं, ती म्हणाली. आजही तिकडे शुगरवाले आहेत, रांगेत. सर आत्ता इथेच आहेत. जा, हातात दे त्यांच्या.

"हो," तो म्हणाला. खरंच म्हणाला. खणाकडे एक पाऊलही टाकलं त्याने. बाहेर पॅसेजमध्ये सरांचं गुणगुणणं ऐकू आलं, तीच ओळ, खोलीवरून जाऊन पुढे केबिनकडे वळली. त्याला लेकीचं वर्ष आठवलं, निवृत्तीपर्यंत राहिलेली वर्षं आठवली, भिंतीवरची ती चौकट आठवली. "हो ताई, देतो," तो म्हणाला, आणि त्याचे ओठ पुढच्या शब्दासाठी मिटले आणि मिटलेलेच राहिले.

ताई त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने हात उचलला, तर्जनी उजव्या ओठाच्या कोपऱ्याला लावली, कोपरा वर उचलून धरला.

"पण," ती म्हणाली. अगदी स्वच्छ. ह्या तीन महिन्यांत तिच्या तोंडून एवढं स्वच्छ अक्षर आलं नव्हतं. "बुधवारीही इथवरच आला होतास. सरांसमोर. मी बघत होते, म्हटलं आता बोलेल, आता बोलेल."

तिने बोट काढलं आणि ओठाचा कोपरा खाली आला. डोळ्यातलं पाणी तिने रुमालाने टिपलं, स्टुलावर नीट सरकून बसली, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघून त्याला खूण केली की पाचवा राहिलाय.